वाटीएवढा समुद्र

रजनी टेंभुर्णीकरच्या स्वयंपाकघरात, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मधल्या जागेत, एक समुद्र होता. काचेची चौकोनी पेटी, आत जेमतेम बादलीभर खारं पाणी. तळाशी पांढरी वाळू, मुठीएवढे दोन दगड, त्या दगडांवर पोवळ्यांच्या जातीची मऊ फुलं, बटणांसारखी गोल, हिरवी आणि जांभळी. आणि एक झिंगा. लाल, पाठीवर पांढरा पट्टा, मिशा अंगापेक्षा लांब. मासा एकही नव्हता. एवढ्याशा पाण्यात मासा कोंडणं रजनीला पटत नव्हतं.

जुन्या घराच्या शेजारच्या तुळजाबाई ही पेटी बघायला पहिल्यांदा आल्या तेव्हा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं, पलंगाएवढा समुंदर होता तुझा. ह्यो तर वाटीएवढा झाला!"

"झाला न्हाई मावशी, करावा लागला," रजनी म्हणाली. "का, ते तुम्हाला ठाऊक आहे."

तुळजाबाईंनी पदर सावरला आणि विषय वांग्यांच्या भावावर नेला. त्या जुन्या समुद्रात त्यांच्या हातानंही एक पैसा पडला होता.

रजनी भोकरदनची. बी.एस्सी.ला असताना कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली होती. बाकीच्या मुली लाटांपुढं उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि ही खडकातल्या एका डबक्याशी उकिडवी बसली होती. भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं तरी उठेना, तेव्हा सरांनी दंडाला धरून उठवलं. पुढं तिला जालन्यात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, गिरिधरशी लग्न झालं आणि ती जुना जालन्यातल्या टेंभुर्णीकरांच्या घरात आली. घरात थोरले दीर जगन्नाथ, आणि त्यांची बायको शैला. घर शैलावहिनींच्या इशाऱ्यावर चाले. भाजीत मीठ किती आणि दारात कुठली चप्पल कुठं, हे त्या ठरवत.

लग्नानंतर तीन वर्षांनी रजनीनं हॉलच्या भिंतीलगत पाच फुटांची टाकी उभी केली. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं समुद्राच्या मिठाची पोती आली, दगड आले, हवेनं फुगवलेल्या पिशव्यांतून मासे आणि झिंगे आले. गल्लीत हसू झालं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि हिनं घरात समुद्र भरला! शैलावहिनी म्हणाल्या, "आपल्या सोवळ्याच्या घरात झिंगा! आता रविवारी कालवण पण करू." पण वर्षभरात टाकी अशी फुलली की लोक विचारत यायला लागले. समुद्रवाले टेंभुर्णीकर कुठं राहतात? पाहुणे यायचे, शैलावहिनींच्या हातचा चहा घ्यायचे आणि त्यांच्याकडे पाठ करून टाकीकडं बघत बसायचे.

एकदा टाकीतलं पाणी कमी झालं म्हणून शैलावहिनी तांब्याची कळशी घेऊन आल्या. रजनीनं धावत येऊन त्यांचा हात धरला.

"वहिनी, तांबं बिलकुल न्हाई! मासे एकवेळ निभावतील, पण झिंगे आणि ही फुलं तांब्यानं मरतात. अगदी थोड्यानं पण."

"अगंबाई! आपण तर तब्येतीसाठी पितो तांब्यातलं."

"आपण झिंगे न्हाई, वहिनी."

शैलावहिनी खळखळून हसल्या होत्या. म्हणजे त्यांनी नीट ऐकलं होतं. हे रजनी पुढं कधी विसरली नाही.

दोन हजार दोन साली नारळी पौर्णिमेला रजनी भावाला राखी बांधायला भोकरदनला गेली. इकडं शैलावहिनींनी गल्लीतल्या बायकांना बोलावणं धाडलं. जालन्यात नारळी पौर्णिमा म्हणजे राखी आणि नारळीभात, बस. समुद्राची पूजा कोण कुठं करणार? पण यांच्या तर घरातच समुद्र! बायका नटून आल्या. टाकीला हार घातला, पाण्यात हळदी-कुंकू सोडलं, नारळ वाढवून त्याचं पाणी ओतलं. मग शैलावहिनींनी माहेरची डबी उघडली. तिच्यात निजामाच्या काळातले तांब्याचे पैसे होते. शहागडच्या पुलावरून जाताना गोदावरीत पैसा टाकतात, तसा प्रत्येकीनं हात जोडून एकेक पैसा समुद्राला वाहिला.

दुसऱ्या दिवशी रजनी आली तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. झिंगे उताणे पडले होते. फुलं गळून दगडांवर नुसता चिकट थर उरला होता. पुढच्या दोन दिवसांत मासेही गेले.

"पूजाच केली न बाई," शैलावहिनी म्हणाल्या. "जहर थोडंच घातलं?"

यावर काय बोलणार? देवाधर्माचं होतं, तोंड उघडणारीच वाईट ठरली असती. चूक झाली असेल, असं रजनीनं स्वतःला बजावून बजावून सांगितलं. चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी रखमाजी सुतार नवा सोफा घेऊन आला. रिकामी टाकी सरकवून त्या जागी सोफा ठेवला तर तो भिंतीला असा बसला, जणू तिथंच उगवला होता.

"माप बराबर आलं, मामा," रजनी म्हणाली. "कधी घेतलं होतं?"

"पुनवेच्या आदल्या दिशी," रखमाजी फडक्यानं हात पुसत म्हणाला. "बाई म्हनल्या, ते काचंचं खोकं उद्या-परवा निघून राह्यलंय."

रजनीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला. त्या दिवसापासून तिच्या पोटात एक निखारा होता, आणि ती तो राखेखाली नीट जपत होती.

तीन महिन्यांत तिनं आणि गिरिधरनं नव्या जालन्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पाच फुटांची टाकी तिथं मावणार नव्हती, आणि मावली असती तरी उपयोग नव्हता. तांबं पाण्यातून दगडात शिरतं, काचेच्या सांध्यांत भरलेल्या रबरासारख्या सिलिकॉनमध्ये शिरतं आणि वर्षानुवर्षं तिथून झिरपत राहतं. ती टाकी, ते दगड जुन्या घराच्या गच्चीवर पडून राहिले.

तेव्हा रजनीनं ही छोटी पेटी केली. तिला वाटलं होतं, लहान म्हणजे सोपं. झालं उलटं. मोठ्या टाकीत चूक पाण्यात विरघळून जाते, लहान टाकीत ती लगेच अंगावर येते. दिवसभरात बोटभर पाणी उडालं की उरलेलं जास्त खारट होतं, म्हणून काचेवर नेलपॉलिशनं रेघ ओढून ती सकाळ-संध्याकाळ चमच्यानं शुद्ध पाणी घाली. भारनियमनात हवेचा पंप बंद पडे, म्हणून बॅटरीवरचा दुसरा बांधून ठेवलेला. मे महिन्यात फ्रीजमधली बर्फाची बाटली काचेला टेकवून ठेवायची, आणि गिरिधरनं ती सरबतासाठी काढली की भांडायचं. झिंग्यानं पहिल्यांदा कात टाकली तेव्हा गिरिधर घाबरला होता. "अगं, तुझा झिंगा मेला!" मग दगडामागून खरा झिंगा बाहेर आला आणि दोघं पोट धरून हसले.

हसून झालं की रजनीच्या मनात हमखास शैलावहिनी यायच्या. चमच्याचमच्यानं पाणी घालताना ती त्यांना मनातल्या मनात उत्तरं देई. बघा, तुमच्या सगळ्या पैशांना हा पुरून उरला. पण हा सूड फारच लहान होता, पेटीसारखाच. शैलावहिनी एकदा आल्या होत्या, त्यांनी पेटीकडं बघून म्हटलं होतं, "एवढ्याशा काचेपायी एवढा खटाटोप! त्यापेक्षा कुंडीत तुळस लावावी माणसानं." निखाऱ्यावर नुसती फुंकर बसली.

दोन वर्षं गेली. भाद्रपद जवळ आला आणि एका सकाळी शैलावहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात.

"रजनी, तुझ्यावाचून अडलंय गं माझं."

महालक्ष्म्या थोरल्या घरी बसत. यंदा महिला मंडळानं आरास स्पर्धा ठेवली होती, आणि शैलावहिनींनी पहिला नंबर जवळजवळ घरी आणूनच ठेवला होता.

"लक्ष्मी समुद्रातून आली का न्हाई? मंग दोघींच्या मधी खराखुरा समुद्र! कुणाला सुचलं नसंल असं. गच्चीवरची तुझी टाकी काढली, दगडं पण तेच. बोअरच्या पाण्यानं घासून घासून धुतलंय सगळं. ह्यांचे मुंबईचे दोस्त मासे, झिंगे, फुलं धाडून राह्यलेत. फक्त पाणी तू बनवून दे. तुझ्यासारखं पाणी कुणाला जमतंय?"

रजनीनं पेढ्याचा पुडा हातात घेतला. आतून कुणीतरी टाळी वाजवावी तसं झालं तिला. तिला काही करायचंच नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही कालवायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिला शैलावहिनींच्या घरात सहा वर्षं शिकवलेलं होतं.

"देते की, वहिनी," ती म्हणाली. "सणाचं काम, न्हाई कसं म्हणू?"

आठवडाभर आधी जाऊन तिनं पाणी बनवलं. मीठ मोजून, खारेपणा तपासून, इतकं नेटकं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. पंप जोडले, दिवे लावले. तीन दिवसांनी तिथलं पाणी छोट्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं आणि तांब्याची चाचणी केली. परीक्षानळीतल्या पाण्याला स्पष्ट रंग आला. तिनं नळी उजेडात धरून पाहिली, मग विसळून जागेवर ठेवली आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. गिरिधरलासुद्धा नाही. तो खूश होता. दोघी जावांचं जमलं म्हणून त्यानं त्या संध्याकाळी जिलेबी आणली. रजनीनं दोन वेढे जास्तच खाल्ले.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी मुंबईची खोकी उतरली. संध्याकाळी टाकी बघायला गल्ली लोटली. पैठण्या नेसलेल्या ज्येष्ठा-कनिष्ठा, मधे निळा उजेड, त्यात जोकर मासे, सहा लाल झिंगे, फुललेली फुलं. शैलावहिनी पाच-सहा वेळा तरी म्हणाल्या, "सगळी आयडिया माझी." रजनी कोपऱ्यात उभी राहून झिंग्यांकडं बघत होती. एक झिंगा काचेवर येऊन मिशा हलवत होता, घरच्या झिंग्यासारखाच. तिनं नजर काढून घेतली आणि वहिनींच्या चेहऱ्यावर नेली. तिथं बघितलं की बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या दिवशी, दुपारीच फोन आला. "लवकर ये. काहीतरी बिनसलंय." गिरिधरनं स्कूटर काढली.

मासे फिरत होते. फुलं मिटून चिंध्यांसारखी लोंबत होती. झिंगे आडवे पडून पाय झाडत होते, दोन तर निपचित. परीक्षक बाया चार वाजता येणार होत्या. शैलावहिनींनी रजनीला ओढत स्वयंपाकघरात नेलं. सगळीकडं पुरणाचा वास भरला होता.

"काय झालं गं हे? काल तर किती ग्वाड दिसत होतं!"

"तांबं," रजनी म्हणाली.

"पैसे तर मी तेव्हाच काढले! चिंचेनं घासून डबीत ठेवलेत."

"पैसे निघाले. तांबं दगडात गेल्तं, सांध्यात गेल्तं. ते धुतल्यानं जात न्हाई."

शैलावहिनी तिच्याकडं बघत राहिल्या. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"पाणी बनवलंस तेव्हापासून?"

"पेढे घेऊन आल्तात तेव्हापासून."

"रजनी! महालक्ष्म्या बसल्यात घरात, आणि तू असलं मनात ठेवून..."

"तुम्ही पण सणाचाच दिवस धरला होता, वहिनी."

"मी मुद्दाम न्हाई केलं. बायकांची हौस होती."

"सोफ्याचं माप आदल्या दिवशी घेतलं होतं. रखमाजीमामांनी सांगितलं मला. त्यांना काय माहीत!"

बाहेर गिरिधर आणि जगन्नाथ केळीचे खांब सरळ करत होते. रजनी या क्षणाची वाट दोन वर्षं पाहत होती, आणि तो आला तेव्हा तिला घाई नव्हती. ती ओट्याला टेकून निवांत उभी राहिली. पण शैलावहिनी घर चालवलेली बाई होत्या. त्यांचं डोकं लगेच कामाला लागलं.

"तुझी ती वाटी आण. गिरिधरभावजींना धाड स्कूटरवर. हे खोकं झाकू, वरती ती ठेवू. आजच्यापुरती."

"आणते," रजनी म्हणाली. "पण बायका आल्या की एक वाक्य बोलायचं. रजनीचा समुद्र मी मारला, सोफ्यासाठी, ठरवून. तुमच्या तोंडानं. सगळ्यांसमोर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"एक वाक्य, वहिनी. अर्ध्या तासात दोघींच्या मधी समुद्र ठेवते. जिवंत."

शैलावहिनींनी घड्याळाकडं पाहिलं, मग हॉलकडं. क्षणभर वाटलं, म्हणतील. पण त्यांनी पदर खोचला.

"मरू दे," त्या म्हणाल्या आणि हळदी-कुंकवाचं तबक घेऊन बाहेर गेल्या.

बायका आल्या. परीक्षक बाई चष्मा सावरून टाकीजवळ वाकल्या आणि थबकल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "मेलेत का हे?" शैलावहिनींनी एक मोठा सुस्कारा सोडला.

"काय सांगू बायांनो! पाणी आमच्या रजनीनं बनवलं. ह्यात टाकलं की जीव मरणार, हे तिला माहीत होतं. तरी गप बसली. देवीसमोर विचारा तिला."

सगळ्यांची तोंडं रजनीकडं वळली. गिरिधर खांब धरून तसाच उभा राहिला. एका शब्दात सगळं नाकारता आलं असतं. पण रजनीला नाकारायचं नव्हतं, वाटून घ्यायचं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी गप्प बसले. आणि तांब्यानं हे जीव मरतात, हे वहिनींना पण माहीत होतं. मीच हात धरून सांगितलं होतं त्यांना. तरी नारळी पौर्णिमेला त्यांनी तुम्हा सगळ्यांना पैसे वाटले."

मग तुळजाबाई पुढं झाल्या.

"म्हंजी आमच्या हातनं मारवलं व्हय गं, शैला?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. "पुनवेच्या दिशी? मी तर उपास धरून आल्ते. हात जोडून टाकला पैसा मी."

"मावशी, तसं न्हाई..."

"मंग कसं? सोताच्या हातनं तरी मारायचंस!"

एकीनं हातातलं कुंकू पुसावं तशी बोटं पदराला पुसली. दुसरीनं मागं सरकून भिंत गाठली. परीक्षक बाईंनी पेनाला टोपण लावलं. शैलावहिनींच्या हातातलं तबक किंचित वाजत होतं, आणि रजनी त्या आवाजाकडं कान देऊन उभी होती. तेवढ्यात जगन्नाथनं आरतीला सुरुवात केली, बेसूर, मोठ्यानं, आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारख्या टाळ्या धरल्या.

आरती संपल्यावर रजनीनं प्लास्टिकचा डबा मागून घेतला. सहांपैकी एक झिंगा अजून धड होता. वहिनींनी जेवायला थांब म्हटलं नाही. पुढच्या वर्षीही म्हणणार नव्हत्या, हे दोघींना कळलं होतं.

घरी आल्यावर रजनीनं झिंगा थेट आपल्या पेटीत सोडला नाही. त्याच्या अंगाबरोबर आलेलं पाणी एवढ्याशा समुद्राला पेलवलं नसतं. तिनं लोणच्याच्या स्वच्छ बरणीत पेटीतलं थोडं पाणी घेतलं, हवेची नळी सोडली, झिंगा धुऊन तिच्यात ठेवला. सकाळी तो बरणीच्या तळाशी आडवा होता.

गिरिधर चहाचा कप घेऊन तिच्यामागं येऊन उभा राहिला.

"वहिनींचं मला काही न्हाई," तो म्हणाला. "त्यांना त्यांचं मिळालं. पण ह्या झिंग्यानं तुझं काय केल्तं गं?"

रजनीनं बरणी उचलली, मागच्या अंगणात कढीलिंबाखाली बोटानं माती उकरली आणि झिंगा पुरला. हात धुऊन आत आली. शुद्ध पाण्याचा चमचा घेऊन पेटीशी उभी राहिली. रेघेपर्यंत पाणी यायला बराच वेळ लागला.

"पुन्हा अशी वेळ आली तर?" गिरिधरनं मागून विचारलं. "सांगशील त्यांना?"

तिनं खरोखर विचार केला. ती खोटं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आधी झिंगे बाहेर काढीन," ती म्हणाली.

"आणि मंग सांगशील."

"न्हाई, अहो. मंग वहिनींकडं बघत बसेन."